एका ग्रॅमचे सोळा किलो

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या माळवदावर एक सागवानी फळी अजून पडून आहे. तिला चार भोकं आहेत आणि तेलाचा काळा डाग आहे. खेळण्यातल्या विमानाचं पहिलं इंजिन या फळीवर बसवलं ते १९८६च्या दिवाळीच्या सुट्टीत. दीड सीसीचं, कोलकात्यात बनलेलं, एनसीसीच्या वायुशाखेतल्या एका सीनियरकडून जुनं घेतलेलं. इंधन घरीच मिसळायचं: ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण समान भाग. एरंडेल वाण्याकडे मिळे. ईथर कुठून मिळे, ते इथे सांगत नाही.

इंजिन पेटलं आणि खाली स्वयंपाकघरात फडताळातल्या ताटल्या वाजू लागल्या. आई वर आली नाही, खालूनच ओरडली. त्या ताटल्या गप्प करायला मला पुढची तीसेक वर्षं लागली.

सुरुवातीला एकच उपाय ठाऊक होता, आवळणं. विमान दोन तारांवर गोल फिरणारं, हातात मूठ, रेडिओ नाहीच. त्यामुळे थरथरीनं बिघडण्यासारखंही फार नव्हतं. नट सैल व्हायचा, तो आवळायचा. तरी सैल झाला तर आणखी आवळायचा. यात चूक नव्हती, कारण सैल बसवलेलं इंजिन स्वतःचीच भोकं कुरतडून मोठी करतं. पण घट्ट आवळल्यावर थरथर जाते कुठे, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

तो पडला १९९३ साली, मामेभावानं दुबईहून चार चॅनलचा रेडिओ आणि साडेसहा सीसीचं ग्लो इंजिन आणलं तेव्हा. इंधन आता मिथेनॉलचं, वास मात्र एरंडेलाचाच. आता विमानाच्या पोटात रिसिव्हर होता, बॅटरी होती, सर्व्हो होते. त्यातलं एकेक नाजूक. रिसिव्हरमधला स्फटिक धक्क्यानं दगा देई. बॅटरीच्या तारा डाखाजवळ तुटत. थ्रॉटलच्या जोडणीत धातूवर धातू घासला तर त्या घासण्यानंच रेडिओला खोटे संदेश जात आणि सर्व्हो आपल्या मनानं उचकी दिल्यासारखे हलत. आम्ही रिसिव्हर स्पंजात गुंडाळला. सोलापूरच्या उन्हाळ्यानं दोन वर्षांत त्या स्पंजाचा भुगा केला.

सर्व्होचं तर हसूच व्हावं. त्यांच्या पायांना रबरी कड्या असतात आणि कड्यांत घालायच्या पितळी नळ्या वेगळ्या येतात. त्या नळ्या मी सुटे भाग समजून डबीत जपून ठेवल्या होत्या. नळीशिवाय स्क्रू पिळला की रबर चेपून दगड होतं, म्हणजे असून नसल्यासारखं. नळीची रुंद कड लाकडाकडे ठेवायची असते, हे कळायला आणखी एक हंगाम गेला.

पण खरी डोकेदुखी वेगळीच होती. अक्कलकोट रोडच्या पुढच्या माळावर विमान छान उठायचं, चढायला लागलं की इंजिन कर्कश व्हायचं आणि बंद पडायचं. मी सुई फिरवली, तीन ग्लो प्लग बदलले, टाकी खालीवर केली. शेवटी फळीवर इंजिन पूर्ण थ्रॉटलवर ठेवून पारदर्शक नळीत बघितलं, तर आत इंधनाबरोबर बुडबुड्यांची माळ चाललेली. टाकी थरथरून इंधनाचा फेस होत होता. फेसात हवा, म्हणून मिश्रण विरळ, म्हणून इंजिन तापून बंद.

त्या दिवशी अण्णा आले होते. अण्णा गिरणीत जॉबर होते; आयुष्यभर माग लावले, दुरुस्त केले. साखर पेठेतून सायकलवर वडिलांकडे यायचे. त्यांनी फळीवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "दट्ट्याला कशाला शिव्या देतोस? तो वरखाली जाणारच की. आमचा धोटा जातो, थांबतो, परत येतो. थांबतो तिथं धक्का बसतो. हादरा असतोच रे, तो कुठं उतरवायचा ते जॉबरनं ठरवायचं. आधी तुझा तो पंखा बघ."

१८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून या शहराचं पोट मागेपुढे करणाऱ्या यंत्रांवर भरलं, तेव्हा असं ज्ञान इथे तळव्यात असावं यात नवल नाही.

पंखा बघायला त्यांनी एक साधन करायला लावलं. दाढीच्या दोन ब्लेडा समांतर उभ्या रोवायच्या, पातळीत. पंख्याच्या भोकात लेथवर कातलेली पिन घालायची आणि ती ब्लेडांवर ठेवायची. पंखा सावकाश फिरला आणि एक पातं खाली जाऊन थांबलं. विकत आणलेला, नवा कोरा पंखा!

मग मी हिशेब केला. मिनिटाला १२,००० फेरे म्हणजे सेकंदाला २००. मध्यापासून १० सेंटिमीटरवर एक ग्रॅम जास्त असेल, तर तो ग्रॅम आसाला जवळपास १६ किलोच्या वजनाइतका ओढतो, आणि ती ओढ सेकंदाला दोनशे वेळा गरगरते. एवढा वाईट पंखा सहसा नसतो. पण ग्रॅमचा दहावा हिस्सा धरला तरी दीड किलोवर जातं. हे कागदावर दिसल्यावर मला माझ्या तीन ग्लो प्लगांची लाज वाटली.

जड पातं पॉलिशपेपरनं मागच्या बाजूनं घासायचं किंवा हलक्या पात्याला बहिणीचं नेलपॉलिश लावायचं. पाती आडवी असताना स्थिर राहतात, पण उभी धरल्यावर फिरतात, तेव्हा दोष मधल्या गड्ड्यात असतो. दोन्ही दिशांनी तपासल्याशिवाय काम संपत नाही. नंतर टोकाचा स्पिनरही बघायचा. तेवढं केल्यावर नळीतले बुडबुडे आठ आणे कमी झाले. उरलेले टाकीभोवती नवा स्पंज घातल्यावर आणि टाकी मागच्या भिंतीला टेकू न दिल्यावर गेले.

दट्ट्याचा वाटा मात्र राहतोच. कारखाने क्रँकवर उलट वजन ठेवतात, पण एका सिलिंडरात ते अर्धवटच ठेवावं लागतं. उभा धक्का पूर्ण मारायला गेलं तर तोच आडवा होऊन बाहेर पडतो. समोरासमोर दोन सिलिंडर असले तर दट्टे एकमेकांना पुष्कळ खोडून काढतात, पण तशी इंजिनं आमच्या खिशाला परवडणारी नव्हती.

२०००च्या सुमारास रबरावर टांगलेले माउंट आमच्यापर्यंत पोचले. कसरतींच्या स्पर्धांत आवाजाची मर्यादा असते. इंजिन थेट भिंतीवर आवळलं की अख्खं विमान ढोलासारखं वाजतं, म्हणून मोठ्या स्पर्धकांनी हे माउंट आधीच आपलेसे केलेले. पंधरा वर्षं आवळल्यावर मुद्दाम सैल सोडणं माझ्या हाताला पटेना. पहिल्यांदा लावलं तेव्हा घाबरलोच. मंद चालीत इंजिन हिवतापाच्या रोग्यासारखं थडथडत होतं. थ्रॉटल उघडला आणि एका क्षणात सगळं शांत. रबरावरच्या इंजिनाची स्वतःची एक चाल असते. धक्क्यांची गती त्या चालीच्या साधारण १.४ पटीच्या वर गेली, तरच रबर आडोसा धरतं. त्याच्या खाली ते उलट साथ देतं. म्हणून रबर फार कडकही नको. शिवाय इंजिन हलणार, तर थ्रॉटलची तार लवचीक हवी आणि एग्झॉस्टला जोड रबरी हवा. नाहीतर एका दारानं हाकललेला हादरा दुसऱ्या दारानं आत.

नंतरचं भराभर घडलं. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर आले आणि धातूच्या घासण्याची ती उचकी संपली. ब्रशलेस मोटर आणि लिथियम बॅटरी आल्या, दट्ट्याच गेला. एरंडेलाचा वासही गेला, याचं मला अजून वाईट वाटतं. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३मध्ये पाडली, जून २०२५मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. खरी विमानं आली, तशी आमची खेळण्यातली आणखी लांबच्या माळावर गेली.

गेल्या मे महिन्यात भाचा सुट्टीला आला. त्यानं स्वतः ड्रोन जोडलं आहे. चित्रीकरणात सगळं दृश्य खरवसासारखं थुलथुलतं म्हणून वैतागला होता. फ्लाइट कंट्रोलरखाली जेलचे तुकडे लावून झाले होते, सॉफ्टवेअरमधले फिल्टर फिरवून झाले होते. लॅपटॉपवर त्यानं थरथरीचा आलेख दाखवला. एका ठिकाणी सुळका उभा होता, बाकी सपाट. माझ्या तळव्याला असं काही कधी दिसलं नव्हतं.

मी माळवदावरून ती ब्लेडांची घोडी खाली आणली, पुसली, आणि त्याच्या पंख्यासाठी बारीक पिन शोधून दिली. पंखा ब्लेडांवर ठेवला. क्षणभर थांबून तो अगदी सावकाश फिरला आणि एक पातं खाली गेलं.

"मामा," तो म्हणाला, "आईकडं नेलपॉलिश असेल ना?"