आग्रा रोडवरचे मॉल

मालेगावहून कापडाच्या गाठी घेऊन मुंबईला निघालेला ट्रक ज्या मुंबई-आग्रा रस्त्याला लागतो, त्याच रस्त्याचा जुना तुकडा मुंबईत लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणून ओळखला जातो. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, कुर्ला करत शीवपर्यंत जाणाऱ्या या रस्त्याला जुनी माणसं अजूनही आग्रा रोडच म्हणतात. एकेकाळी हा कारखान्यांचा रस्ता होता. कुर्ल्याला प्रीमियर पद्मिनी मोटारी बनायच्या. भांडुपला जीकेडब्ल्यू, एशियन पेंट्स, सिएट होते. पाळी सुटली की रस्ता कामगारांनी भरून जायचा. नव्वदच्या दशकापासून यातले बरेच कारखाने बंद पडत गेले, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि २००० नंतर याच रस्त्यावर मॉल उभे राहू लागले.

मुंबईला मॉलची ओळख झाली ती १९९९मध्ये, हाजीअलीजवळच्या ‘क्रॉसरोड्स’मुळे. सुरुवातीला तिथे इतकी झुंबड उडाली की मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवणाऱ्यालाच फुकट प्रवेश, बाकीच्यांना तिकीट, असा नियम करावा लागला. उपनगरांनी मात्र दारं सताड उघडी ठेवली. मुलुंडला ‘निर्मल लाइफस्टाइल’ आणि ‘आर मॉल’, मालाडला २००४मध्ये ‘इनऑर्बिट’. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला रविवारची संध्याकाळ गारव्यात, पैसे न देता घालवता येईल अशी जागा पहिल्यांदाच मिळाली होती. खरेदी झाली तर झाली. मॉलला नाकं मुरडणाऱ्यांनी ही गोष्ट कधी नीट लक्षात घेतली नाही.

२००९मध्ये याच रस्त्यावर, काही किलोमीटरच्या अंतरात, दोन मोठे मॉल सुरू झाले. घाटकोपरचा ‘आर सिटी’ आजही गजबजलेला आहे. भांडुपचा ‘ड्रीम्स’ मात्र उजाड झाला. रस्ता तोच, गिऱ्हाईक साधारण तेच, काळही तोच. मग फरक कुठे पडला?

फरक पडला गाळ्यांच्या मालकीत. ‘आर सिटी’सारख्या मॉलमध्ये इमारत एका कंपनीच्या ताब्यात राहते आणि गाळे भाड्याने दिले जातात. कुठल्या मजल्यावर चपला, कुठे खाणं, कुठे सिनेमा, हे एकच मालक ठरवतो. मोठ्या दुकानाला स्वस्तात जागा देऊन तो गर्दी खेचतो आणि त्या गर्दीच्या वाटेवरच्या छोट्या गाळ्यांकडून चढं भाडं घेतो. बऱ्याचदा भाड्याबरोबर विक्रीतला हिस्साही ठरलेला असतो, त्यामुळे दुकान चालावं ही मालकाचीच गरज असते. ‘ड्रीम्स’मध्ये एचडीआयएल या विकासकाने हजाराच्या आसपास गाळे सुटे सुटे विकून टाकले. पैसा आधीच हातात आला. पुढे मॉल चालला काय, न चालला काय, त्यावर विकासकाची कमाई अवलंबून राहिली नाही.

घेणारे कोण होते? छोटे व्यापारी आणि गाळा भाड्याने देऊन घरखर्चाला हातभार लागेल या हिशेबाने पैसे घालणारे लोक. अशा मॉलचं दुखणं वरच्या मजल्यापासून सुरू होतं. वर गिऱ्हाईक कमी चढतं, तिथली शटर आधी खाली येतात. बंद गाळ्याचा मालक मेंटेनन्स थकवतो. पैसे कमी पडले की आधी एसी काही तास बंद, मग सरकता जिना बंद. बंद पडलेला सरकता जिना चढून बघा: त्याच्या पायऱ्या साध्या जिन्यापेक्षा उंच असतात, शिवाय सुरुवातीच्या आणि शेवटच्या पायऱ्यांची उंची वेगळी, त्यामुळे पाऊल दर वेळी चुकतं. म्हातारी माणसं, कडेवर मूल घेतलेल्या बाया खालूनच परत फिरतात. मग दुसरा मजलाही जातो.

इथे मालेगावच्या किदवाई रोडवरचा बाजार आठवतो. तिथेही प्रत्येक दुकानाचा मालक वेगळा. कोणी कोणाला विचारून धंदा करत नाही. शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात, त्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. चार दुकानं बंद पडली तरी पाचवं चालतं, कारण गिऱ्हाईक रस्त्यावरून येतं, उजेड सूर्याचा असतो आणि रस्ता महापालिकेचा. मॉलमध्ये वारा, उजेड, जिना, पाणी, आगीपासून बचाव, सगळंच सामाईक आणि सगळंच विकतचं. सुटी मालकी बाजारपेठेला मानवते, बंद डब्यासारख्या इमारतीत ती जिवावर बेतू शकते.

‘ड्रीम्स’मध्ये ती खरोखरच बेतली. २०१९मध्ये एचडीआयएल दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी तिच्या कर्जांमुळे पीएमसी बँक बुडायला आली आणि लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले. मॉल त्याआधीच प्रशासकाच्या हाती गेला होता. करोनाच्या काळात, २०२०मध्ये, तिसऱ्या मजल्यावर ‘सनराइज’ रुग्णालय सुरू झालं. २५ मार्च २०२१च्या मध्यरात्रीच्या सुमारास मॉलमध्ये आग लागली, धूर रुग्णालयात शिरला आणि ११ जणांचा जीव गेला. मॉलमध्ये रुग्णालय आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं तेव्हाच्या महापौर किशोरी पेडणेकर म्हणाल्या. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी घटनास्थळी येऊन मृतांच्या नातेवाइकांची माफी मागितली. वर्षभराने, मार्च २०२२मध्ये, त्याच इमारतीला पुन्हा आग लागली.

हे दुखणं एका भांडुपचं नाही. ‘नाइट फ्रँक’ या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या पाहणीत २०२३मध्ये देशातल्या २९ शहरांत ६४ ‘घोस्ट’ मॉल आढळले, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेले. आदल्या वर्षी ते ५७ होते. त्यात मुख्यतः लहान मॉल होते. ऑनलाइन खरेदीला सगळा दोष देणं सोपं आहे, पण त्याच काळात त्याच शहरांत मोठे, एकाच मालकाचे मॉल भरलेले होते.

या मोठ्या मॉलमध्ये बडे ब्रँड येतात. भांडुपमध्ये गाळा घेणाऱ्या छोट्या दुकानदाराला तिथलं भाडं झेपत नाही. मग अशा दुकानदाराला कायद्याचा आधार किती? घर विकणाऱ्या बिल्डरला आता ‘महारेरा’ या नियामकाकडे नोंदणी करून वेळापत्रकाचा आणि पैशांचा हिशेब द्यावा लागतो, आणि नव्या व्यापारी प्रकल्पातले विक्रीचे गाळेही त्यात येतात. पण इमारत उभी राहून ताबा दिल्यावर वीस वर्षं ती कोण चालवणार, एसीचं आणि आगीच्या पंपाचं बिल कोण भरणार, याचं बंधन गाळा विकतानाच घालायला हवं होतं. ज्यांनी आपली पुंजी ‘ड्रीम्स’मध्ये घातली, त्यांच्या हाती मालकीची कागदपत्रं आहेत, पण गिऱ्हाईक येईल अशी इमारत नाही.