थेट विचारायला हवं

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. आज महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत हे काम समाजसेवा अधीक्षक पाहतात. बिलात सवलत, योजनांचे कागद, बेवारस रुग्णांची सोय यातच दिवस सरतो. पण आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेला रुग्ण सावरला, की त्याच्याशी निवांत बोलायला बऱ्याचदा हेच जातात. म्हणून जोखीम ओळखण्याचं प्रशिक्षण त्यांना मिळायलाच हवं.

त्यात आधी एक भीती घालवावी लागते: विषय काढला तर नसता विचार डोक्यात घुसेल. संशोधनात तसं आढळलेलं नाही. उलट अनेकांना मोकळं वाटतं. कोलंबिया विद्यापीठाची प्रश्नावली पायरीपायरीनं जाते. मरून जावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलंय का? पूर्वी प्रयत्न केला होता का? ‘असलं काही मनात नाही ना?’ असं विचारलं, तर समोरचा ‘नाही’च म्हणणार. नातेवाइकांनाही बाहेर थांबवावं लागतं. सासू उशाशी बसलेली असताना सून काय बोलणार?

धोका तासातासाला बदलतो. त्यामुळे घरी सोडण्याआधी रुग्णासोबत बसून सुरक्षा आराखडा लिहायचा: चाहूल कशी लागते, फोन कुणाला करायचा, घातक वस्तू कुणाच्या ताब्यात राहतील. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही त्यातच.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, उलट सिद्ध होईपर्यंत आत्महत्येचा प्रयत्न केलेला रुग्ण तीव्र ताणाखाली होता असंच मानलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. पोलिसांच्या धास्तीनं खरं लपवणाऱ्या कुटुंबाला हे समजावणंही अधीक्षकांकडेच येतं.