बीडचा खरा खजिना

बालमित्रांनो, बीडला आलात तर जुनं शहर पायी फिरून बघा बरं का! बिंदुसरा नदीकाठी कोतवाली वेस आहे. वेस म्हणजे जुन्या तटबंदीचा दरवाजा. शहराच्या पूर्वेला कंकालेश्वर मंदिर आहे. चहूकडे तळं आणि मधोमध दगडी देऊळ!

मग आई-बाबांना घेऊन शहराबाहेर, दक्षिणेला खजाना विहिरीवर जा. नाव ऐकून मोहरांचे हंडे आठवले ना? पण इथला खजिना म्हणजे पाणी! १५८२ च्या सुमारास, निजामशाहीच्या काळात, सलाबतखानाने ही विहीर बांधली. भास्कर नावाच्या कारागिराने ती उभारली, असे सांगतात. जमिनीखालच्या दोन कालव्यांतून पाणी विहिरीत येतं आणि तिसऱ्यातून बीडकडच्या शेतांना जातं. ना मोट, ना मोटार. सारं काम जमिनीच्या उताराचं!

आपला जिल्हा दुष्काळी. इथे पाण्याची किंमत सोन्याहून जास्त. कठड्यावरून वाकू नका आणि विहिरीत काही टाकू नका.

आता तुमच्या गावातली जुनी बारव शोधा. ती कोणी बांधली, ते आजी-आजोबांना विचारा. तिच्यात आज पाणी आहे की कचरा? वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.