गोफण : निवड, फेक आणि निगा

कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पाथर्डी या अहिल्यानगरच्या जिरायती पट्ट्यात थंडी भरात आली की रब्बीची ज्वारी चिकात येते आणि राखण सुरू होते. चिमण्या, होले, राघू बारमाही असतात. त्यांत मध्य आशियातून हिवाळ्याला आलेल्या भोरड्यांचे थवे भर घालतात. कोवळा दाणा चोचीत दाबला की पाखराला गोड चीक मिळतो आणि कणसावर नुसती टरफले उरतात.

अशा वेळी घरातल्या छर्ऱ्याच्या बंदुकीची आठवण होते. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्यात पाखरांची शिकार हा गुन्हा आहे, आणि बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे पाखरे मारण्याची मुभा नव्हे. शिवाय ज्या भोरड्या दाणा खातात त्याच नाकतोडे आणि अळ्याही फस्त करतात. आपल्याला पाखरू मारायचे नाही, त्याला कणसावर बसू द्यायचे नाही. त्यासाठी गोफणीइतके स्वस्त आणि नेमके साधन मला दुसरे दिसत नाही.

गोफणीला दोन दोर आणि मध्ये खडा बसेल अशी विणलेली पट्टी असते. एका दोराच्या टोकाला बोटात अडकवायचा फास, दुसऱ्याच्या टोकाला चिमटीत धरायची गाठ. डोक्यावरून फिरवून योग्य क्षणी गाठ सोडली की पट्टी उघडते. खडा ज्या वर्तुळात फिरत असतो त्याच्या स्पर्शरेषेत, म्हणजे त्या क्षणी त्याचे तोंड जिकडे असेल तिकडे, सरळ सुटतो. म्हणून सगळी कला सोडण्यात आहे. गाठ क्षणभर उशिरा सुटली तरी खडा बाजूच्या बांधावर जातो.

लांबीचे गणित सोपे आहे. हातापासून खडा एक मीटरवर असेल आणि सेकंदाला तीन फेरे पडत असतील, तर वेग ताशी सुमारे ६८ किलोमीटर भरतो. लांबी निम्मी केली की तेवढ्याच फेऱ्यांत वेगही निम्मा. तरी नवख्याने आखूडच घ्यावी, कारण लांब गोफणीत चूकही लांब जाते. राखणीसाठी रानात बांधलेल्या माळ्यावर उभे राहून हात खाली सोडल्यावर पट्टी फळीला टेकू नये, एवढे माप पुरते. रोमन सैन्यात नावाजलेले बॅलेअरिक बेटांवरचे गोफणकरीही अंतर पाहून वेगवेगळ्या लांबीच्या गोफणी वापरत.

दोर वाखाचा, म्हणजे अंबाडीचा किंवा तागाचा, घट्ट पिळाचा असावा. नायलॉन दवाने कुजत नाही हे खरे, पण तो गुळगुळीत असल्याने गाठ सरकते आणि फास बोटाला कापतो. पट्टी मात्र सुताची मऊ असली तर खडा नीट बसतो. गाठीच्या पुढे दोराचे निमुळते शेपूट राखले, तर सुटताना ते चाबकासारखे कडाडते. माझ्या मते राखणीत खड्याहून या आवाजाचे काम जास्त असते.

खड्याऐवजी मातीचे वाळवलेले गोळे वापरावेत. आपटल्यावर ते फुटतात, शिवारात दगड साचत नाहीत आणि काढणीला विळ्याची धार जात नाही. एका मापाचे गोळे असले की फेकही एकसारखी पडते. दगड असो वा गोळा, लागला तर माणसाचे डोके फुटू शकते. शेजारच्या रानात माणसे असतील, जवळ रस्ता किंवा विजेच्या तारा असतील, तर त्या दिशेला गोफण चालवूच नये. फिरवताना मागेपुढे पोर उभे नाही ना, हे आधी पाहावे.

थव्यावर नेम धरू नये. थवा उतरू पाहतो त्याच्या वरून, पलीकडे फेकावे. एकदा तो बसला की उठवायला दुप्पट मेहनत पडते. उजाडल्यापासून नऊ-दहापर्यंत आणि चारनंतर दिवस मावळेपर्यंत पाखरांचा जोर असतो. दुपारी हात विसावला तरी चालतो. रोज एकाच जागेवरून एकच आवाज येऊ लागला की पाखरे सरावतात. माळ्यावरून उतरून बांध बदलावा, मध्येच डबा वाजवावा, चकाकणारी फीत लावावी. आजूबाजूच्या आधी किंवा मागे पिकणाऱ्या एकट्या रानावर सगळा थवा तुटून पडतो. तिथे कितीही गोफण फिरवली तरी कमी पडते. म्हणून राहुरीच्या कृषी विद्यापीठाची भारी जमिनीसाठीची फुले वसुधा पेरा नाहीतर हलक्या जमिनीसाठीची फुले अनुराधा, शेजाऱ्यांशी बोलून पेरणी जुळवून घेणे फार मोलाचे ठरते.

निगेचे काम थोडे, पण रोजचे. दवात भिजलेला वाख जड होतो आणि पीळ सोडतो. संध्याकाळी गोफण माळ्यावर न ठेवता घरी आणून वाऱ्यावर टांगावी, उंदरांच्या वाटेत नको. सकाळी निघताना फास आणि पट्टीचे जोड ताणून पाहावेत. झीज आधी तिथेच होते, आणि फेकताना जोड तुटला तर खडा कुठे जाईल याचा नेम नसतो. एक धागा तुटलेला दिसला तरी तो दोर बदलावा, गाठ मारून वेळ मारून नेऊ नये. हंगाम संपल्यावर गोफण कोरडी करून कापडात गुंडाळून ठेवावी, आणि बांधावर अंबाडीची एखादी ओळ टाकायला विसरू नये. पुढच्या गोफणीचा वाख तिच्यातूनच निघतो.