सुईणपणाची उमेदवारी

प्रसूतिविद्येच्या विद्यार्थिनीला प्रशिक्षणाच्या आरंभीच जी नोंदवही देण्यात येते, तिच्यात तपासलेल्या गर्भवती, पाहिलेली बाळंतपणे आणि स्वतःच्या हातांनी केलेली बाळंतपणे यांचे निरनिराळे रकाने आखलेले असतात व प्रत्येक रकान्यापुढे शिक्षिकेच्या सहीची जागा राखलेली असते. आपल्याकडील परिचर्येच्या पदवी-अभ्यासक्रमात स्वतः केलेल्या २० स्वाभाविक प्रसूतींचा दंडक दीर्घकाळ चालत आला. युरोपीय संघातील देशांत हाच आकडा ४० आहे. संख्येची ही अट अनाठायी आहे असे कोणी म्हणणार नाही, कारण हाताला सराव हा हवाच. परंतु प्रसूतिगृहांतून हिंडताना आणि या विषयाचे जुने दप्तर चाळताना एक गोष्ट मला वारंवार खटकत आली, ती ही की, ज्या दीर्घ तासांत बाळंतपण वस्तुतः घडत असते ते तास या वहीत कोठेच उतरत नाहीत. नोंद होते ती अखेरच्या घटकाभराची. मग 'अजून सात केसेस व्हायच्यात' या विवंचनेत असलेली मुलगी, जिच्यापाशी सकाळपासून बसली होती त्या बाईला सोडून, जिचे बाळंतपण आता होऊ घातले आहे अशा दुसऱ्या टेबलाकडे धावते, आणि तिच्या या धावण्याला दोष देण्याचा अधिकार, ती वही आखणाऱ्या आपणां कोणालाही पोहोचत नाही.

शिकणारीची गरज आणि प्रसूत होणारीचे हित यांतील हा ताण फार जुना आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४० नंतर प्रसूतीचे दोन विभाग असे वाटून दिलेले होते की, पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुईणपणाच्या विद्यार्थिनी. १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा ११.४ माता मृत्यू पावल्या, दुसऱ्यात शेकडा २.८, आणि ही तफावत शहरात इतकी सर्वश्रुत होती की, पहिल्या विभागात धाडू नये म्हणून स्त्रिया हातापाया पडत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने त्याचे कारण हुडकून काढले: वैद्यकाचे विद्यार्थी शवविच्छेदन करून तेच हात घेऊन प्रसूतिगृहात येत, आणि सुईणपणाच्या विद्यार्थिनींना शवागाराशी काहीच कर्तव्य नसे. मे १८४७ पासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती झाली व पहिल्या विभागातील मृत्यू झपाट्याने उतरले. सेमेलवाइसचे श्रेय त्याला अवश्य द्यावे; तथापि ज्यांच्या विभागाशी तुलना केल्यावाचून ते कारण सापडलेच नसते, त्या शिकाऊ सुईणींची आठवण वैद्यकाच्या इतिहासाने फारशी ठेवलेली नाही, याचे मला वाईट वाटते. पुढे लंडनमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी किंग्ज कॉलेज रुग्णालयात चालविलेले सुईणींचे प्रशिक्षणही सूतिकाज्वरामुळे १८६७ साली बंद करावे लागले, आणि त्या प्रसंगाने अस्वस्थ होऊनच त्यांनी प्रसूतिगृहांतील मृत्यूंचे आकडे गोळा करून १८७१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

आता त्या न नोंदलेल्या तासांत विद्यार्थिनी काय शिकते, ते पाहू. प्रथम ती आपले तळहात एकमेकांवर चोळून ऊन करते, कारण गार हाताने पोट आखडते. गर्भाशयाच्या माथ्याशी मऊ कुल्ला लागतो की कठीण, वाटोळे डोके, म्हणजेच बाळ पायाळू आहे काय, हे ती पाहते. कोणत्या कुशीस पाठीची सलग रेघ आहे आणि कोणत्या कुशीस हातापायांचे बारीक उंचवटे, हे ती डोळे मिटल्यासारखे करून चाचपते. पाठीच्या बाजूस नळी टेकवून ती घड्याळाकडे पाहत मिनिटभर ठोके मोजते. ते ११० ते १६० या मर्यादेत असले पाहिजेत. मग पोटावर तळवा अलगद ठेवून दहा मिनिटांत कळा किती आल्या व प्रत्येक किती सेकंद टिकली, हे मोजत ती बसून राहते. पुष्कळ दिवस असे बसल्यावर एके दिवशी तिच्या ध्यानात येते की, बाळंतीण कण्हण्याच्या किंचित आधीच गर्भाशय ताठरू लागल्याचे आपल्या तळव्याला कळले.

मूल जन्मल्यावर सर्वांचे लक्ष मुलाकडे वळते आणि विद्यार्थिनीने मात्र वारेकडे पाहावयाचे असते. परंपरागत सुईणीही अनेक ठिकाणी वार पडेपर्यंत नाळ कापीत नसत, इतका तिचा धाक होता. पडलेली वार ट्रेमध्ये मांसल बाजू वर करून पसरतात, तिच्यावरील रक्ताच्या गुठळ्या पुसतात, आणि पंधरा-वीस खंड एकमेकांशी बिनफट जुळतात काय ते तपासतात. नंतर नाळ धरून ती उचलायची आणि लोंबणारी आवरणे पुरती आहेत ना, ते पाहायचे. एखादा खंड आत राहिला तर गर्भाशय आवळत नाही आणि रक्तस्राव बाईचे प्राण घेऊ शकतो. "पुरी आहे का?" असे सिस्टर विचारते तेव्हा विद्यार्थिनीला हो किंवा नाही एवढेच उत्तर द्यावयाचे असते. माझ्या मते तिच्या जबाबदारीचा खरा आरंभ या उत्तरापासून होतो.

प्रतीक्षेलाही शास्त्र असते, हे ज्या कागदाने सिद्ध केले त्याचा जन्म आफ्रिकेतला. तेव्हाच्या ऱ्होडेशियातील सॅलिसबरी, म्हणजे आजचे हरारे, येथे फिलपॉट आणि कॅसल या दोघांनी १९७२ साली प्रसूतीच्या प्रगतीचा असा आलेख प्रसिद्ध केला की, दूरच्या दवाखान्यातील सुईणीला अडलेली बाई मोठ्या रुग्णालयात केव्हा धाडावी हे वेळीच उमजावे. गर्भाशयाचे मुख तासाला एक सेंटिमीटर या गतीने उघडावे, असे धरून एक इशाऱ्याची रेषा आणि तिच्यापुढे चार तासांवर कृतीची रेषा: एवढीच त्याची योजना. हा पार्टोग्राफ आपल्या विद्यार्थिनींनाही शिकवतात. मात्र बाळंतपण आटोपल्यावर तो एकाच बैठकीत मागाहून भरण्याची जी रीत कित्येक ठिकाणी पडली आहे, तिने त्याचा प्राणच हिरावला जातो.

आपल्या प्रांतात या शिक्षणाची पायवाट पाडताना विटाळाचे भूत प्रथम गाडावे लागले. बाळंतिणीची खोली अपवित्र आणि तेथील काम हलक्या मानलेल्या जातींच्या स्त्रियांचे, असा शिरस्ता होता. मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ साली स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. आणि १९०९ साली पुण्यास स्थापन झालेल्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी पांढरपेशा घरांतील विधवांना परिचर्या शिकण्यासाठी ससून रुग्णालयात धाडण्याचे धैर्य दाखवले. रात्रपाळी, परक्यांचा स्पर्श, रक्त: या तिन्हींना त्या मुली सामोऱ्या गेल्या, आणि त्यांच्या या धैर्याला आपल्या सामाजिक सुधारणेच्या इतिहासात मी फार वरचे स्थान देतो.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने दाखवून दिले की देशात दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया बाळंतपणापायी मरतात आणि शिक्षित सुईणी अवघ्या पाच हजारांच्या आसपास आहेत. त्यातून एएनएमचा, म्हणजे सहायक परिचारिका-सुईणीचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघाला व त्याचा गाभा प्रसूती हाच होता. पुढे १९७३ साली कर्तारसिंग समितीने या एएनएमला बहुउद्देशीय आरोग्यसेविका करण्याची शिफारस केली. १९७७ मध्ये प्रशिक्षण १८ महिन्यांवर आले, आणि कुटुंबनियोजन, लसीकरण व नाना प्रकारची रजिस्टरे यांनी तिचा दिवस भरून गेला. काम वाढवले आणि शिकण्याचा काळ घटवला, हा निर्णय माझ्या मते अन्यायाचा होता, आणि अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा होईपर्यंत विद्यार्थिनींच्या कित्येक पिढ्या त्यातून गेल्या. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू झाले, ही प्रगती मोठीच आहे. परंतु पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील शेकडा २५.४ बाळंतपणे शस्त्रक्रियेने झालेली आढळतात, तेव्हा वाट पाहण्याचे कौशल्य आपण कोणाच्या हाती राखले, हा प्रश्न उरतोच.

२०१८ च्या अखेरीस केंद्र सरकारने प्रसूतिसेवेची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढून, परिचारिकांसाठी स्वतंत्र सुईणपणाचे १८ महिन्यांचे प्रगत शिक्षण आणि त्यांच्याच देखरेखीखाली चालणारे प्रसूतिकक्ष यांची तजवीज केली. या कक्षांत शिकावयास येणाऱ्या मुलींची वही नव्याने आखण्याची संधी अद्याप हातची गेलेली नाही. बाई दाखल झाल्यापासून वार तपासून पुढचे दोन तास उलटेपर्यंत विद्यार्थिनी तिच्यापाशीच राहिली असेल, तर ते एक बाळंतपण पूर्ण धरावे, त्याला निराळा रकाना द्यावा आणि सहीपूर्वी पार्टोग्राफवरील वेळा ताडून पाहाव्यात. त्यासाठी रात्रपाळीच्या सिस्टरांची संख्या वाढवावी लागेल व एका टेबलाभोवती किती शिकाऊंनी उभे राहावे यावर बंधन घालावे लागेल; या दोन्ही मंजुऱ्या सरकारदरबारीच मिळू शकतात.