डावी बाजू

निशी-कासाई, तोक्यो

गेल्या महिन्यात तीन दिवस मी ताटाशेजारी पट्टी ठेवून जेवले. पट्टी पंधरा सेंटिमीटरची, मुलाच्या जुन्या कंपासपेटीतली. ताटात पिठलं, भात, दोन पोळ्या. मग एक फोटो वरून आणि एक तिरका, वाटी किती खोल आहे ते कळावं म्हणून. दोन दिवस कामाचे, एक सुट्टीचा. पानात काही टाकलं तर त्याचाही फोटो. नवरा म्हणाला, "पिठल्याचा पंचनामा चाललाय."

माझ्या मूत्रपिंडांचा जीएफआर, म्हणजे रक्त गाळण्याचा वेग, ४६ आहे; ही दुखण्याची तिसरी पायरी. घराण्यात बीपी आहे, त्याची ही देणगी. साताऱ्याला दादाचाही आकडा जवळपास तेवढाच. हे कळल्यापासून गावाकडचा प्रत्येक फोन एकाच वाक्याने सुरू होतो: "तू काय बाई, जपानमध्ये आहेस. मासे, ग्रीन टी, सगळं पथ्याचंच."

तर आधी तो गैरसमज. या देशात साडेतीन लाखांच्या आसपास माणसं डायलिसिसवर आहेत. दाते मिळत नाहीत म्हणून प्रत्यारोपण कमी, आणि डायलिसिसवर माणसं वर्षानुवर्षं जगतात म्हणून आकडा फुगतो, हे खरं. पण पथ्याचं म्हणाल, तर इथे एक साधी उमेबोशी, म्हणजे मिठात मुरवलेलं बोराएवढं आंबट फळ, दोन ग्रॅम मीठ पोटात घालते. मिसो सूपच्या वाटीत सव्वा-दीड ग्रॅम. रामेनचं पाणी शेवटपर्यंत प्यायलात तर दिवसाचा कोटा संपला, कारण आमच्यासारख्यांना दिवसाला सहा ग्रॅमच्या आत राहायला सांगतात. मात्र हे सगळं पाकिटावर छापलेलं असतं, आणि सरळ 'मीठ इतके ग्रॅम' असं. आपल्याकडे सोडियम मिलिग्रॅममध्ये देतात. मग त्याला अडीचने गुणा, हजाराने भागा. किराणा दुकानात उभं राहून हे कोण करणार?

रुग्णालयाने मागितलेल्या या फोटोंबरोबर आणि रोजच्या लेखी नोंदीबरोबर एक चार पानी प्रश्नावलीही भरायची होती, तोक्यो विद्यापीठाच्या सातोशी सासाकी यांनी घडवलेली. गेल्या महिन्याभरात काय किती वेळा खाल्लं, एवढंच ती विचारते. मासे किती तऱ्हांचे, समुद्री शेवाळ, नात्तो, टोफू. पोळी कुठेच नाही. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, पावाच्या रकान्यात टाकूया. टाकली. पण इथल्या पावात मीठ असतं आणि आमच्या घरी कणकेत मीठ घालत नाहीत. चार पोळ्यांमागे मी न खाल्लेलं मीठ माझ्या नावावर चढलं. मी कुरकुरले. त्यांनी जपानचे अन्नघटक तक्ते काढले, ज्यात २,५३८ पदार्थ आहेत. त्यात पिठलं नव्हतंच. मग मी मोबाइलवर आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते दाखवले. त्यात ५२८ पदार्थ, जवळजवळ सगळे कच्चे. बाईंनी वही पुढे ओढली आणि हरभरा डाळ, तेल, कांदा असं करत माझं पिठलं कागदावर शिजवलं. मिठापाशी आल्यावर विचारलं, "किती?" मी म्हटलं, "चवीपुरतं." पेन थांबलं. या शब्दाला ग्रॅममध्ये काय म्हणतात ते मला माझ्या आईनेही सांगितलेलं नाही.

इथे माणसाच्या स्मरणशक्तीवर कोणी फार विसंबत नाही. रविवारचे चोवीस तास लघवी जमवायची. त्यासाठी एक अजब भांडं देतात. प्रत्येक वेळी त्यात सगळी लघवी ओतायची, ते पन्नासावा भाग बाजूला ठेवतं आणि बाकीची टाकून द्यायची. घरात बादली नको, लाज नको. खाल्लेल्या मिठातलं नव्वद टक्के लघवीवाटे बाहेर पडतं, आणि तिच्यातल्या युरियावरून प्रथिनं किती खाल्ली तेही निघतं. प्रश्नावलीच्या हिशेबाने माझं मीठ सात ग्रॅम होतं, तेही पोळ्यांचा खोटा भार धरून. लघवीच्या हिशेबाने अकरा.

मी म्हटलं, भांड्यात काहीतरी बिघाड असणार.

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पहिल्या दिवशीच्या दुपारचा फोटो मोठा केला आणि ताटाच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. "हे हिरवं काय आहे?" मिरचीचा ठेचा. "आणि हे तांबडं?" लोणचं. "हे पांढरं?" मीठ. ताट वाढलं की डावीकडे चिमूटभर मीठ वाढायचंच, सासूबाईंची शिस्त. तिन्ही दिवसांच्या लेखी नोंदीत यांतलं एकही नव्हतं. लपवलं नव्हतं हो. डावी बाजू जेवण असते हेच कधी डोक्यात आलं नव्हतं. भाजी, आमटी, भात, पोळी हे जेवण. चटणी-लोणचं ही नुसती सोबत. पापडही लिहिला नव्हता, आणि त्यात तर मिठाशिवाय पापडखारही, म्हणजे आणखी सोडियम.

दुसरा धक्का उलटा होता. माझं वजन ५८ किलो. या पायरीला किलोमागे ०.८ ते १ ग्रॅम प्रथिनं चालतात, म्हणजे निदान ४६ ग्रॅम. माझी निघाली ३९. भीतीपोटी मी डाळ आणि दही कमी करून बसले होते. बाई म्हणाल्या, थोडं वाढवा, आणि भाज्याही, पोटॅशियम तुमचं ठीक आहे.

इथे मला राग आला, तो साताऱ्यावर. दादाला तिथल्या डॉक्टरांनी एक झेरॉक्स दिली होती. टोमॅटो, पालक, बटाटा, केळं, नारळपाणी, शेंगदाणे, दूध, सगळ्या डाळी: बंद. ज्याचं पोटॅशियम वाढलंय त्याच्यासाठी केलेली यादी, तीच सर्वांना. दादाचं पोटॅशियम ४.२, अगदी नेमस्त. तरी त्याने वर्षभर भात आणि दुधी भोपळा खाल्ला, आठ किलो उतरला, आणि गावभर कौतुक झालं की पथ्य कसं कडक पाळतो बघा. काय खाऊ नये ते सांगायला आपल्याकडे शेजारीपाजारीही तयार असतात. काय खातोस, असं त्याला कोणीच विचारलं नाही. डॉक्टर माणूस चांगला आहे. पण बाहेर साठ पेशंट बसलेले, त्याने पिठल्याचे फोटो कधी बघायचे? इथे आहारतज्ज्ञांचा अर्धा तास विमा देतो. मला त्याचे सात-आठशे येन पडले.

आणि तरी इथलं सगळं गोड नाही. अर्ध्या तासात बाईंनी ग्रॅम विचारले, तास विचारले, पण ताटावर समोर कोण बसतं ते विचारलं नाही. गणपतीत एकवीस मोदकांच्या नैवेद्याचं काय करायचं, यावर त्यांचं उत्तर होतं, "एक खा आणि नोंद करा."

मी दादाला फोन केला. म्हटलं, ताटाचा फोटो पाठव, शेजारी पट्टी ठेवून. मागून वहिनींचा आवाज: "पंगतीचे फोटो काढायला घरात लग्न आहे का?" तरी रात्री फोटो आला. शाळेची लाकडी फूटपट्टी, बिनमिठाचा भोपळा, भात, आणि डाव्या बाजूला कैरीच्या लोणच्याच्या दोन चांगल्या जाड फोडी.

"दादा, हे काय?"

"यादीत लोणचं नाही," दादा म्हणाला. "दोनदा वाचलीय."

मग तो रिपोर्ट आणि फोटो घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेला. साठ पेशंटांमधून त्यांनी वेळ काढला, पोटॅशियम पाहिलं आणि यादीतल्या डाळींवर काट मारली. शिवाय मीठ कमी म्हणून पोटॅशियमवालं 'लो सोडियम' मीठ आणू नका, हेही आठवणीने बजावलं. काल फोटो आला. मुगाचं वरण आहे. लोणच्याच्या जागी काकडीची कोशिंबीर. खाली वहिनींनी लिहिलंय: "मीठ घातलेलं नाही. परत विचारू नये."