मूत्राशयाला निरोप पोचत नाही तेव्हा

तान्हं बाळ दिवसातून वीसेक वेळा शू करतं आणि त्यातली एकही त्याने ठरवून केलेली नसते. पुढच्या तीन-चार वर्षांत मात्र विलक्षण काही घडतं. मूत्राशय किती भरलंय याची खबर माकडहाडाजवळच्या नसांवाटे वर जाते, मेंदूच्या देठातलं एक इवलंसं केंद्र ती घेतं आणि मेंदूचा पुढचा भाग हुकूम सोडतो: आत्ता नको, मधल्या सुट्टीत. देठातलं ते केंद्र संशोधक बॅरिंग्टन यांनी १९२५ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं. पाच वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १८० मिलिलिटर लघवी मावते, मोठ्या माणसाच्या ४०० ते ५००. आणि भरत असताना आतला दाब जवळजवळ वाढतच नाही! भिंत सैल होत जाते, होत जाते, आणि आपल्याला पत्ताही नसतो.

आता अशी मुलं डोळ्यांपुढे आणा, ज्यांच्यात हा निरोप जन्मापासूनच पोचत नाही. गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचं आईला कळायच्या आत, बाळाच्या मज्जारज्जूची नळी मिटावी लागते. ती खालच्या बाजूला उघडी राहिली तर स्पायना बायफिडा होतो. पायांतली कमजोरी सगळ्यांना दिसते, मूत्राशयाचं दुखणं दिसत नाही. स्नायू आवळतो, पण दार उघडत नाही. आतला दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटरच्या वर राहू लागला की मूत्रपिंडांना इजा होऊ लागते.

या मुलांचं आयुष्य एका अगदी साध्या विचाराने बदललं. १९७२ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जॅक लॅपिडिस यांनी मांडलं की संसर्गाचा खरा दोष नुसत्या जंतूंचा नाही. तट्ट ताणलेल्या भिंतीला रक्त कमी मिळतं, म्हणून ती जंतूंपुढे हरते. मग निर्जंतुक हातमोज्यांचा सोहळा कशाला? साबणाने हात धुवायचे, बारीक नळी आत सरकवायची, मूत्राशय पूर्ण रिकामं करायचं, नळी काढून घ्यायची. दर तीन-चार तासांनी. तेव्हा अनेकांना हे धाडस वाटलं होतं. आज सहा-सात वर्षांची मुलं हे स्वतः शिकतात, मुली सुरुवातीला पुढ्यात आरसा ठेवून.

ज्यांना व्हीलचेअरवरून हे अवघड जातं, त्यांच्यासाठी फ्रान्समधल्या रूआँ शहरातले सर्जन पॉल मित्रोफानॉफ यांनी १९८० साली एक वाट प्रसिद्ध केली. ज्या अपेंडिक्सला आपण निरुपयोगी म्हणतो, तेच सोडवून एक टोक मूत्राशयाला जोडायचं, दुसरं पोटावर आणायचं. पुष्कळदा ते बेंबीतच उघडतं. मुलगी शर्ट थोडा वर करते, बेंबीतून नळी घालते, काम होतं. बघणाऱ्याला तिथे फक्त बेंबी दिसते. मूत्राशय लहान आणि कडक असेल तर आतड्याचा तुकडा जोडून ते मोठं करतात. पण आतडं आपला स्वभाव सोडत नाही. मूत्राशयाचा भाग होऊनही ते शेंबडासारखा चिकट स्राव सोडत राहतं. तो साचून खडे होऊ नयेत म्हणून मूत्राशय नियमित धुवावं लागतं.

सगळ्यात नाजूक वळण येतं ते तेरा-चौदाव्या वर्षी. तोवर वेळ आईने पाळलेली असते. आता मुलाला आईने बाथरूमच्या दारात उभं राहणं नको असतं, शाळेत वेगळं दिसणं नको असतं, आणि एखादी वेळ चुकली तर लगेच काही बिघडतही नाही. दुखतही नाही, कारण जाणीवच कमी. मूत्रपिंडं मात्र निमूट झिजतात. त्यात झपाट्याने उंची वाढताना पाठीच्या शस्त्रक्रियेच्या जुन्या व्रणाला चिकटलेला मज्जारज्जू ताणला जाऊ शकतो आणि इतकी वर्षं नीट वागणारं मूत्राशय अचानक गळू लागतं. घरच्यांना तो आळस वाटतो; खरं तर तेव्हा तपासणी हवी असते. मूत्रपिंडांचं काम जोखायला मोजतात ते रक्तातलं क्रिएटिनिनही फसवू शकतं: स्नायू कमी असले की मूत्रपिंड बिघडूनही आकडा चांगलाच येतो. अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही दुसरी रक्ततपासणी जास्त खरं सांगते.

म्हणून मला वाटतं, जबाबदारी अठराव्या वाढदिवसाला एकदम सोपवू नये. दहाव्या-अकराव्या वर्षापासून नळ्यांचा साठा मुलानेच मोजावा, डॉक्टरांच्या प्रश्नांना आधी त्याने उत्तर द्यावं, आई-बाबांनी नंतर. बालशल्यविभागाचं दार एक दिवस बंद होतं आणि पुढच्या डॉक्टरांनी अशी रचना क्वचितच पाहिलेली असते. आतड्याचा तुकडा असलेल्या मूत्राशयातल्या लघवीवर घरगुती गर्भचाचणी खोटी 'होकारार्थी' येऊ शकते, तेव्हा रक्ततपासणीच करावी लागते. आणि अशा तरुणीचं सिझेरियन करायचं झालं तर पोटात ती वाट नेमकी कुठून जाते हे चीर देण्याआधी ठाऊक असायला हवं. जुन्या ऑपरेशनच्या कागदांची प्रत तिच्या स्वतःच्या फोनमध्ये असावी आणि मूत्ररोगतज्ज्ञ त्या वेळी थिएटरमध्ये हजर असावेत.